पेरियारमधील लोकसहभागी निसर्गपर्यटन

केरळमधील पेरियार व्याघ्र प्रकल्पात वनविभाग आणि स्थानिकांच्या परिसर विकास समित्या मिळून चालवत असलेली पर्यटनव्यवस्था. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडील जुन्या सदाहरित अरण्यांत पसरलेला हा प्रकल्प 925 चौ. किमी.चा आहे. त्यातला प्रसिद्ध तलाव मात्र नैसर्गिक नव्हे. 1895 साली पुरे झालेल्या मुल्लपेरियार धरणाचे ते पाणी. तलावाकाठच्या थेक्कडीला येणारे बहुतेक पर्यटक तेवढाच पाहून परततात.

या व्यवस्थेची सुरुवात जागतिक बँकेच्या साहाय्याने 1996 ते 2004 या काळात राबवलेल्या परिसर विकास प्रकल्पात झाली. तोवर वनखाते आणि आसपासची गावे यांचे नाते धरपकडीचे होते. दालचिनीच्या कुळातील ‘वायना’ झाडांची साल चोरून विकणाऱ्यांवर खटल्यांमागून खटले चालत, तरी चोरी थांबत नसे. अखेर त्यांच्यापैकीच काहींना वाटाडे नेमण्यात आले. जनावरांच्या वाटा, पाणवठे, चोरांचे लपण्याचे ठिकाण त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? ‘पेरियार टायगर ट्रेल’ ही त्यांची पदभ्रमंती. मोजक्याच पर्यटकांना घेऊन ते तंबूत मुक्काम करतात, सोबत सशस्त्र वनरक्षक असतो. चालता चालता गस्तही होते, आणि या योजनेचे खरे मर्म त्या गस्तीत आहे.

मन्नान व पळियन या आदिवासींची अडचण वेगळी होती. त्यांचे मिरीचे पीक हाती येण्याआधीच उचलीपोटी व्यापाऱ्यांकडे अडकलेले असे. समित्यांनी कर्ज फेडून मिरीची विक्री स्वतःकडे घेतली. बांबूच्या तराफ्यांवरील सफर, रात्रीची गस्तफेरी असे उपक्रम पुढे आले. 2002 पासून ‘वसंतसेना’ या गटातील स्त्रिया पाळीपाळीने जंगलात गस्त घालतात, तीही विनावेतन.

प्रकल्पाचा निधी संपला की अशा योजना सहसा कागदावर उरतात. येथे 2004 मध्ये पेरियार फाउंडेशन स्थापन झाले. पर्यटकांच्या प्रवेशशुल्कावर बसवलेला अधिभार त्याच्याकडे जमा होतो आणि संरक्षण व गावांसाठी वापरला जातो.

प्रकल्पाच्या पश्चिम भागातील शबरीमलेचा प्रश्न याहून अवघड आहे. यात्रेच्या हंगामातील सरपणतोड व कचरा आवरण्यासाठी तेथील समित्यांकडे दुकाने व स्वयंपाकाचा गॅस पुरवण्याची कामे दिली गेली. पण लाखो भाविकांच्या लोंढ्याला पाच-सहा जणांच्या पदभ्रमंतीचे नियम लागू करता येत नाहीत.