अमेरिकेतील आदिवासी जमाती आणि ओझोन नियमन: अर्ज कोण करू शकतो, कागद कोणते लागतात

अमेरिकेच्या क्लीन एअर ॲक्टमध्ये 1990 साली दुरुस्ती झाली आणि हवेच्या कारभारात आदिवासी जमातीच्या सरकारला राज्याच्या बरोबरीने वागवायची सोय आली. नियम निघायला मात्र 1998 उजाडले. हा दर्जा मिळवण्याचा अर्ज ईपीएच्या, म्हणजे केंद्राच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या, विभागीय प्रशासकाकडे जातो.

जमातीला केंद्र सरकारची मान्यता हवी आणि तिचे शासन प्रत्यक्ष कारभार चालवणारे हवे. मागितलेले काम रिझर्व्हेशनमधल्या, म्हणजे जमातीसाठी राखलेल्या प्रदेशातल्या, किंवा तिच्या अधिकारातल्या हवेचेच हवे. चौथी अट क्षमतेची. अनुभव नसला तरी अडत नाही. माणसे आणि कौशल्य कसे उभे करणार याचा आराखडा जोडला तरी चालतो.

कागदांत शासनाची माहिती, क्षमतेचे निवेदन, जमातीच्या वकिलाचे अधिकाराबाबतचे निवेदन आणि हद्दीचा नकाशा किंवा कायदेशीर वर्णन. पाण्याच्या कायद्याखाली असा दर्जा आधीच मिळाला असेल तर तेच कागद पुन्हा मागत नाहीत.

घोडे अडते ते हद्दीवर. अर्ज पूर्ण झाला की 30 दिवसांत ईपीए शेजारच्या राज्याला कळवते; त्याला हरकत घ्यायला आणखी 30 दिवस, तीही हद्दीपुरतीच. रिझर्व्हेशनच्या आत कायद्यानेच अधिकार दिला आहे, बाहेरच्या जमिनीवर तो सिद्ध करावा लागतो. ओक्लाहोमात तर 2005 च्या एका कायद्याने राज्याशी करारही सक्तीचा केला. वाहतूक खात्याच्या विधेयकात घुसवलेले हे कलम आजही खटकते.

जमिनीलगतच्या हवेतल्या ओझोनची मर्यादा 2015 पासून आठ तासांच्या सरासरीला 0.070 पीपीएम (दहा लाख भागांत 0.070 भाग) आहे. हा वायू धुराड्यातून थेट निघत नाही. नायट्रोजनची ऑक्साइड्स आणि सेंद्रिय वाफा उन्हात एकत्र आल्या की तयार होतो. युटाच्या युइंटा खोऱ्यात तो ऐन हिवाळ्यात वाढतो: वर उबदार हवेचे झाकण, खाली ऊन परतवणारा बर्फ आणि मध्ये कोंडलेल्या तेल-वायू विहिरींच्या वाफा. तिथल्या युइंटा-ओरे रिझर्व्हेशनसाठी 2022 मध्ये ईपीएनेच नियम केले. जमातीने हवा सुधारण्याची स्वतःची योजना आणली नाही तर असे होऊ शकते. राज्यांना असते तशी योजना सादर करण्याची मुदत जमातींना लागू नाही.

कॅलिफोर्नियातल्या मोरोंगो जमातीच्या जमिनीवर लॉस एंजेलिसकडून वाऱ्याने ओझोन येतो. अशा ठिकाणी शेजारच्या प्रदूषित पट्ट्यातून आपले क्षेत्र वेगळे नोंदवा, अशी मागणी 2011 च्या धोरणानुसार करता येते. मोरोंगोचे क्षेत्र तसे वेगळे नोंदलेले आहे.