रेडिएटरखाली चार पंखे

कोकणातून कोल्हापूरला परतताना करूळ घाटात आमच्या जुन्या गाडीचं पाणी हमखास उकळायचं. वडील गाडी कडेला घ्यायचे, बॉनेट उघडायचे आणि वाफ ओसरेपर्यंत आम्ही दरी बघत बसायचो. हीच गाडी सपाट रस्त्यावर तासन्‌तास पळाली तरी काही व्हायचं नाही. वडील सांगायचे, "चढाला इंजिन राबतंय जास्त, पण गाडी चालतीय हळू. जाळीला वारंच लागंना, मग पाणी निवणार कसं?"

जाळी म्हणजे रेडिएटर. ही गोष्ट आठवायचं कारण, गेल्या डिसेंबरात जर्मनीत नोकरीला असलेल्या माझ्या भाच्याचा फोन आला. "मामा, इथं काहीजण घरातल्या रेडिएटरखाली कॉम्प्युटरचे छोटे पंखे लावतात. म्हणे खोली लवकर तापते आणि गॅसही कमी लागतो. आपल्याकडं तर पंखा लावला की गार वाटतं. मग इथं ऊब कशी वाढंल?"

प्रश्न चांगला होता. उत्तराचा अर्धा भाग त्या घाटातच होता. उरलेल्या अर्ध्यासाठी मला कागद-पेन घेऊन बसावं लागलं, आणि खरी गंमत त्या दुसऱ्या अर्ध्यातच आहे.

आपल्याकडं जानेवारीच्या पहाटे रंकाळ्यावर फिरायला जाणारे कानटोपी घालतात, गल्लीच्या तोंडाला एखादी शेकोटी पेटते, आणि नऊ वाजता ऊन आलं की थंडी संपते. जर्मनीत पारा दिवसच्या दिवस शून्याच्या आसपास असतो. त्यामुळं तिथं बहुतेक खोल्यांत, सहसा खिडकीखाली, पोलादी पत्र्याचा एक चपटा डबा भिंतीला टांगलेला असतो. बॉयलरमध्ये तापलेलं पाणी पंपानं त्यात येतं, खोलीला उष्णता देतं आणि थोडं निवून परत बॉयलरकडं जातं. डब्याच्या आतल्या बाजूला घड्या घातलेल्या पातळ पत्र्याच्या पन्हाळ्या असतात. खालून गार हवा आत शिरते, तापून हलकी होते आणि वरच्या जाळीतून बाहेर पडते. पंखा नाही, आवाज नाही.

रेडिएटर या नावानं वाटतं की तो सगळी उष्णता प्रारणानं, म्हणजे शेकोटीच्या आचेसारखी, समोर फेकत असेल. तशी तो फेकतोही. पृष्ठभाग ६० अंश सेल्सिअस आणि खोली २० अंश असेल, तर दर चौरस मीटरमागे साधारण २६५ वॅट उष्णता प्रारणानं जाते. पण खोलीकडं तोंड असतं ते फक्त पुढच्या पत्र्याचं. आतल्या पन्हाळ्या एकमेकींकडंच बघत असतात, त्यांची आच एकमेकींनाच लागते. त्यांच्याकडची उष्णता बाहेर काढायचं काम हवेलाच करावं लागतं. म्हणून आत पन्हाळ्या असलेल्या आजच्या रेडिएटरमधून निम्म्याहून जास्त उष्णता हवेच्या अभिसरणानं येते.

आणि हवा हे काम फार नाखुशीनं करते. पोलाद हवेच्या सुमारे दोन हजार पट जास्त उष्णता वाहून नेतं. गोधडी उबदार वाटते ती सुतापेक्षाही जास्त तिच्या थरांत अडकलेल्या हवेमुळं. तापलेल्या पत्र्यालाही हवेचा असाच एक पातळ थर बिलगून असतो. लुडविग प्रांटल या जर्मन शास्त्रज्ञानं १९०४ मध्ये या थराची नीट मांडणी केली. त्याला सीमास्तर म्हणतात. पत्र्याला अगदी चिकटलेली हवा जवळजवळ हलतच नाही, आणि उष्णतेला आधी हा थर ओलांडावा लागतो. म्हणजे खोली तापवायला ठेवलेला रेडिएटर स्वतःच हवेची गोधडी पांघरून बसलेला असतो. आतलं पाणी कढत असतं, पत्रा कढत असतो, पण बोटभर अंतरावरच्या हवेपर्यंत ती उष्णता रडतखडत पोचते.

पंखा ही गोधडी पातळ करतो. वारा जितका जोरात, तितका सीमास्तर पातळ. स्थिर हवेत, नुसत्या तापून वर चढणाऱ्या झोतानं, दर चौरस मीटरला दर अंशाच्या फरकामागे पाचेक वॅट उष्णता निघते. साध्या पंख्याच्या झुळकीनं तीच दुप्पट, तिप्पट होऊ शकते. सपाट रस्त्यावर गाडीला हेच वारं फुकट मिळत होतं आणि घाटात तेच मिळत नव्हतं.

चहाच्या बशीवर आपण फुंकर मारतो, तेव्हाही हेच होतं का? थोडंसं. तिथं बाष्पीभवनाचा वाटा मोठा असतो. फुंकरीनं वाफ उडून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. तांबड्या रश्श्यावर तेलाचा कट आला की तो लवकर निवत नाही, कारण तेलाखालच्या पाण्याची वाफ होऊ शकत नाही. रेडिएटर बाहेरून कोरडा असतो. तिथं वाफेचा संबंध नाही, सगळा खेळ त्या थराचा.

हे वाचताना मला न्यूटन भेटला. शीतनाचा नियम शाळेत सगळ्यांनी घोकलेला असतो: वस्तू आणि भोवतालच्या तापमानातला फरक जितका जास्त, तितक्या वेगानं वस्तू निवते. न्यूटननं १७०१ मध्ये हे लिहिलं, पण त्यातला एक तपशील आपल्याला कुणी सांगत नाही. तापलेलं लोखंड त्यानं शांत हवेत ठेवलं नव्हतं, मुद्दाम एकसारख्या वाहत्या वाऱ्यात ठेवलं होतं, म्हणजे तापलेली हवा तिथं साचून राहणार नाही. वाऱ्यात हा नियम सरळ चालतो. शांत हवेत तो किंचित वाकतो, कारण तिथं वारा निर्माण करायचं कामही त्या तापमानाच्या फरकालाच करावं लागतं. फरक कमी झाला की झोतही मंदावतो आणि दुहेरी नुकसान होतं.

म्हणूनच रेडिएटरच्या हिशोबात तापमानाच्या फरकाचा सरळ गुणाकार चालत नाही, त्याचा १.३ वा घात घेतात. युरोपात रेडिएटरची क्षमता मोजतात ती पाणी ७५ अंशाला आत, ६५ ला बाहेर आणि खोली २० अंश असं धरून. म्हणजे सरासरी फरक ५० अंशांचा. अशा मोजणीत १००० वॅट देणारा रेडिएटर सरासरी ४५ अंशांच्या पाण्यावर चालवला, तर फरक निम्मा, २५ अंश होतो. उष्णता मात्र ५०० वॅट मिळत नाही, सुमारे ४०० च मिळते. कोमट पाण्यावर रेडिएटर आळसावतो, आणि नेमकी तिथंच पंख्याची गरज सर्वांत जास्त असते.

पण इथं एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण पंखे लावणारे बरेचजण त्यातच अडकतात. पंखा उष्णता निर्माण करत नाही. खोली २० अंशांवर ठेवायची आणि बाहेर शून्य आहे, तर भिंतींतून, खिडक्यांच्या फटींतून जितकी उष्णता बाहेर जाते तितकी आत घालावीच लागते. ती पंख्यानं घाला नाहीतर पंख्याविना, बेरीज तीच. विजेच्या ऑइल हीटरसमोर पंखा ठेवला तर खोली थोडी लवकर आणि सारखी तापेल, पण एक युनिट विजेतून एक युनिटच उष्णता मिळणार. ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमाला वळसा नाही.

मग भाच्याचा गॅस वाचणार कुठून? पाण्याच्या तापमानातून. पंख्यामुळं तीच उष्णता कमी तापलेल्या पाण्यातून काढता येते, आणि कमी तापलेलं पाणी तयार करणं स्वस्त पडतं.

गॅसच्या बॉयलरचं उदाहरण घ्या. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. एक किलो मिथेन जळला की सव्वादोन किलो पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. ही वाफ धुराड्यातून निघून गेली तर तिच्यातला अप्रकट उष्माही, म्हणजे पाण्याची वाफ होताना तिच्यात दडलेली उष्णताही, जाते, आणि ती थोडीथोडकी नाही. इंधनातल्या एकूण उष्णतेचा सुमारे दहावा हिस्सा त्यात असतो. आजचे कंडेन्सिंग बॉयलर ही वाफ आतच थंड करून तिचं पाणी करतात आणि तो उष्मा परत मिळवतात. अट एकच: रेडिएटरकडून परत येणारं पाणी धुराच्या दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला धुरातल्या वाफेचं पाणी होऊ लागतं त्या साधारण ५५ अंशांपेक्षा, थंड हवं. परतीचं पाणी ६० अंशांनी आलं तर वाफ निवणार कशावर? कंडेन्सिंग बॉयलर घेऊन पाणी ७० अंशांवर फिरवणारी घरं पुष्कळ आहेत. पैसे दिलेला फायदा त्यांच्या धुराड्यातून पांढरा लोट होऊन जातो.

हीट पंपाच्या बाबतीत हिशोब आणखी ठळक आहे. हीट पंप म्हणजे उलटा चालवलेला फ्रिज: बाहेरच्या गार हवेतली उष्णता उपसून घरात आणतो. विहीर जितकी खोल तितका पंपाला जोर जास्त, हे शेतकऱ्याला सांगायला नको. इथं विहिरीची खोली म्हणजे तापमानातला फरक. बाहेर शून्य अंश आणि पाणी ५५ अंशांचं हवं असेल, तर एका युनिट विजेत जास्तीत जास्त सहा युनिट उष्णता आणता येते, ही निसर्गानं घातलेली मर्यादा. पाणी ४० अंशांचं चालणार असेल तर ती मर्यादा पावणेआठच्या पुढं जाते. प्रत्यक्ष यंत्रं या आकड्यांच्या निम्म्याच्या आसपास पोचतात, पण दोन्हींमधलं प्रमाण तसंच राहतं. मला वाटतं, रेडिएटरखालच्या पंख्याची खरी किंमत इथं आहे. जुन्या घरात हीट पंप बसवायचा तर रेडिएटर लहान पडतात आणि सगळे बदलायचे तर खर्च मोठा. पंखा तिथं मधला रस्ता काढतो. कारखान्यात बनलेले पंख्याचे रेडिएटरही मिळतातच.

पंख्यांना स्वतःला वीज किती लागते? १२० मिलिमीटरचा, १२ व्होल्टचा कॉम्प्युटरचा पंखा सावकाश फिरवला तर एक-दीड वॅट. चार पंखे बारा तास चालवले तरी युनिटचा दहावा भागसुद्धा होत नाही, आणि ती वीजही शेवटी खोलीतच उष्णता होऊन राहते.

भाच्यानं हॉलमधल्या रेडिएटरखाली असे चार पंखे लावले, वर वारा फेकणारे. गरम हवा मुळात वरच जाते, तिला उलटं ढकलण्यात शहाणपण नाही. त्याआधी मी त्याला पन्हाळ्यांतली वर्षानुवर्षांची धूळ काढायला लावली. रेडिएटरवरून जमिनीपर्यंत लोंबणारा पडदाही वर बांधायला लावला. त्या पडद्याआड गरम हवा खिडकीची काच तापवत बसते. पाइपावर तापमानाला चालू-बंद होणारा एक छोटा स्विच बसवला, म्हणजे पाणी गरम असेल तेव्हाच पंखे फिरतील. गार रेडिएटरवरून वारा आला तर अंगाला तो गारच लागतो, आणि भाच्याची मूळ शंका तिथं खरी ठरते.

आठवड्यानं फोन आला तो तक्रारीचा. हॉल पटकन तापतोय, पण झोपायची खोली आधीपेक्षा गार पडलीय. कारण लगेच लक्षात आलं. घराचा थर्मोस्टॅट हॉलमध्ये होता. हॉल लवकर तापला की तो बॉयलर बंद करायचा, आणि बिचाऱ्या झोपायच्या खोलीला पाणी पोचायच्या आतच सगळं थांबायचं. तिथल्या रेडिएटरखालीही पंखे लावले तेव्हा दोन्ही खोल्या बरोबरीनं तापू लागल्या.

मग त्यानं बॉयलरचं पाणी दर दोन दिवसांनी दोन-दोन अंशांनी उतरवलं. ६० वरून सुरुवात केली होती, ५२ पर्यंत आला, खोल्या २० अंशांवर टिकून होत्या आणि परतीचं पाणी दवबिंदूच्या बरंच खाली गेलं होतं. बाथरूममधला रेडिएटर मात्र शिडीसारख्या आडव्या नळ्यांचा आहे. त्याला पन्हाळ्या नाहीत आणि खाली पंख्याला जागाही नाही. ५२ च्या खाली गेलं की अंघोळीनंतर बायकोला हुडहुडी भरते म्हणाला. सध्या पाणी तिथंच थांबवलंय.