झांजेसाठी जागा ठेवा

दशावतारी नाटकाचे संवाद कागदावर लिहिलेले नसतात. कथानक ठरलेलं असतं, पण राजा काय बोलणार आणि राक्षस त्याला काय उत्तर देणार, हे कलाकार त्या रात्री उभ्या उभ्या रचतात. सिंधुदुर्गात कार्तिकापासून जत्रा लागल्या की असे कितीतरी संवाद रात्री जन्मतात आणि उजाडताना विरतात. म्हणून देवळासमोर रेकॉर्डर लावून बसणारा माणूस मला फार मोलाचा वाटतो. त्याची मेहनत बहुतेक वेळा एकाच कारणाने वाया जाते: आवाजाची पातळी फार वर ठेवलेली असते.

माइक हवेतल्या दाबाचे चढउतार विजेत बदलतो. रेकॉर्डरमधला किंवा माइक संगणकाला जोडणाऱ्या ऑडिओ इंटरफेसमधला प्रिअँप ती क्षीण वीज वाढवतो आणि पुढचा कन्व्हर्टर तिची उंची सेकंदाला ४८,००० वेळा मोजून आकड्यांत लिहितो. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि एखादी कंपनसंख्या पकडायला तिच्या दुपटीपेक्षा थोडी जास्त मोजमापं पुरतात. हॅरी नायक्विस्ट (१९२८) आणि क्लॉड शॅनन (१९४९) यांच्या कामातून आलेला हा सिद्धांत आहे. त्यामुळे नाटकासाठी १९२ किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १,९२,००० मोजमापांच्या, मागे लागू नये.

लक्ष द्यायचं ते बिटकडे, म्हणजे प्रत्येक मोजमाप किती बारीक पायऱ्यांत लिहिलं जातं त्याकडे. एका बिटमागे सुमारे ६ डेसिबल मिळतात. १६ बिटमध्ये ६५,५३६ पायऱ्या आणि सर्वांत हळू ते सर्वांत मोठ्या आवाजापर्यंत ९६ डेसिबलचा पल्ला असतो. २४ बिटमध्ये पायऱ्या १ कोटी ६७ लाखांवर जातात, पल्ला हिशेबाने १४४ डेसिबल होतो. प्रत्यक्षात चांगली यंत्रंही १२०च्या आसपास थांबतात. तेवढा पल्ला भरपूर आहे, पण पातळी चुकली तर तोही पुरत नाही. राणीचा विलाप चालू असताना पातळी तिच्या आवाजावर बेतली आणि पुढच्या क्षणी युद्ध सुरू होऊन मृदंग, झांज आणि राक्षसाची आरोळी एकदम आली, तर आकडे संपतात. रेकॉर्डरच्या मोजपट्टीवर शून्य डेसिबल हीच कमाल पातळी, तिच्या वर लिहायला आकडाच नसतो, म्हणून लहरीचा माथा सड्यासारखा सपाट होतो. सॉफ्टवेअर तो माथा अंदाजाने पुन्हा काढतं. खरा आकार फाईलमध्ये उरलेलाच नसतो. म्हणून २४ बिटवर सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील, असं बघावं. विलाप नंतर वाढवता येतो.

३२ बिट फ्लोटचे, म्हणजे फार लहान आणि फार मोठे आकडेही लिहू शकणारे, नवे रेकॉर्डर बहुधा दोन कन्व्हर्टर वापरतात, एक हळू आवाजासाठी, एक मोठ्यासाठी, आणि पातळीची चूक मागाहून सुधारू देतात. अर्थात माइकचीच ताकद संपली तर तेही हतबल.

जनरेटरची घरघर बऱ्यापैकी काढता येते, कारण ती एकसुरी असते. विजेची गुणगुण ५० हर्ट्झ आणि तिच्या पटींत बसते, तेवढ्याच पट्ट्या छाटायच्या. समुद्राचं तसं नाही. लाटेचा आवाज जवळजवळ सगळ्या कंपनसंख्यांवर पसरतो आणि सतत बदलतो, त्यामुळे गोंगाटाचा नमुना घेऊन तो वजा करणारं सॉफ्टवेअर संवादही कुरतडतं. किनाऱ्यालगतच्या देवळात माइक कलाकारांच्या जवळ नेणं आणि त्यावर वाऱ्यासाठी केसाळ आवरण चढवणं, याला दुसरा पर्याय नाही.

संपादनासाठी मोफत ऑडॅसिटी पुरते. ती २००० साली आली. आर्डर किंवा रीपर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ फाईल अबाधित राहते, काटछाट फक्त सूचनांच्या रूपात साठवली जाते. मला तीच पद्धत पटते. दोन तुकडे जोडताना सांध्यावर काही मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्या, म्हणजे पहिला आवाज उतरत असताना दुसरा चढू द्या, नाहीतर टक् असा आवाज येतो.

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ असं रेकॉर्डिंग तासाला सुमारे १ जीबी जागा घेतं. साध्या वेव्ह फाईलची मर्यादा ४ जीबी असल्याने रात्रभराचा खेळ तुकड्यांत साठतो. जपून ठेवायला फ्लॅक हा फाईलप्रकार वापरा. त्यात जागा बरीच वाचते आणि एकही आकडा गळत नाही. एमपीथ्री मात्र काही आवाज कायमचे टाकून देते, त्यामुळे ती फक्त पाठवायला ठीक.