सरफेस क्लीनरचं स्विव्हल: ग्रीस कधी, किती आणि कोणतं

गणपतीला आठ दिवस उरले की आमच्या दुकानासमोर गाड्या थांबू लागतात. डिकीतून सरफेस क्लीनर (प्रेशर वॉशरला जोडून अंगण, फरशी धुणारं झाकणासारखं यंत्र) उतरतो आणि तक्रार एकच: "गेल्या वर्षी मस्त फिरत होता, आता जागचा हलत नाही." गेल्या वर्षी अंगणातलं शेवाळ काढून झालं, यंत्र ओलंच पडवीत सारलं आणि घराला कुलूप लागलं, ते शिमग्याला उघडलं. यंत्रातला फिरता सांधा, म्हणजे स्विव्हल, खराब होतं ते या मधल्या महिन्यांत. वापरून झिजलेल्यांपेक्षा ओलं पडून राहिलेलीच स्विव्हलं आमच्याकडे जास्त येतात. ग्रीस गनचे चार स्ट्रोक (दाब) वेळेवर मारले असते, तर त्यातली बरीचशी वाचली असती. म्हणून हे पत्रक.

आत काय असतं

झाकणाखाली फिरणाऱ्या आडव्या बारला मोटर नसते. त्याच्या दोन टोकांचे नोझल किंचित तिरके, एकमेकांच्या उलट दिशेला बसवलेले असतात. पाणी सुटताना जो उलटा धक्का बसतो, त्यावरच बार फिरतो. वरचा पाइप स्थिर आणि खालचा बार फिरता, या दोघांना जोडणारा सांधा म्हणजे स्विव्हल. त्यात एक सील पाणी अडवतं आणि बेअरिंग बार पेलतं. कारच्या टायरमध्ये हवेचा दाब साधारण २ बार असतो (हा 'बार' म्हणजे दाब मोजायचं माप). इथे पाणी १५० ते २०० बार दाबाने येतं, आणि ते सीलने फिरता फिरता अडवायचं असतं.

बऱ्याच स्विव्हलच्या अंगावर एक बारीक भोक दिसेल. सील गेलं तर पाणी बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर पडावं म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं. तिथून पाणी ठिबकू लागलं की सील बदलायची वेळ आली असं समजा. हे भोक कधीही बुजवू नका. एका ग्राहकाने गळती थांबावी म्हणून ते सीलंटने बंद केलं होतं. स्विव्हल उघडलं तेव्हा ग्रीसचं पांढरट ताक झालेलं, आणि बेअरिंगच्या गोळ्यांवर देवीच्या व्रणांसारखे तपकिरी खड्डे. किरकोळ सीलचं काम होतं, अख्खं स्विव्हल बदलावं लागलं.

ग्रीस मारताना

आधी इंजिन किंवा मोटर बंद करा, पाण्याचा नळ बंद करा आणि पाण्याच्या गनचा ट्रिगर दाबून पाइपातला दाब सोडा. मग पाइप काढून क्लीनर उलटा करा. ग्रीस निपल (ग्रीस भरायचं बारीक टोक) फडक्याने स्वच्छ पुसा. ही पायरी लोक गाळतात, आणि निपलवरची जांभ्याची लाल माती ग्रीसबरोबर थेट बेअरिंगमध्ये जाते. त्या मातीने बेअरिंग कानशीने घासल्यासारखं झिजतं.

हाताची ग्रीस गन लावा. एका हाताने बार सावकाश फिरवत दुसऱ्या हाताने एकेक स्ट्रोक द्या. भोकातून आधी मळकं, पाणी धरलेलं ग्रीस येईल, मग नव्या रंगाचं येऊ लागेल. नवं दिसलं की थांबा. भोक नसलेल्या स्विव्हलला एक-दोन स्ट्रोक पुरेत. हाताला अडल्यासारखं लागलं की जोर करू नका, नाहीतर ग्रीसच सीलला बाहेर ढकलतं. गॅरेजमधली हवेवर चालणारी ग्रीस गन तर इथे अजिबात नको.

तुमच्या स्विव्हलला निपलच नसेल तर ते कारखान्यातच ग्रीस भरून बंद केलेलं आहे. त्याला भोक पाडून निपल बसवायचा खटाटोप करू नका.

कंपनीच्या पुस्तिकेत मुदत दिली असेल तर तीच पाळा. दिली नसेल तर आमचा सल्ला असा: रोज हॉटेलं, होमस्टे धुणाऱ्यांनी दर ८ ते १० तासांच्या कामानंतर ग्रीस मारावं. घरगुती वापर असेल तर काम संपलं त्याच दिवशी, यंत्र ठेवण्यापूर्वी. पुढच्या वेळी काढल्यावर मारू असं म्हणाल, तर आत राहिलेलं पाणी तोवर आपलं काम करून बसतं.

कोणतं ग्रीस

पाण्याने धुऊन न जाणारं, बोटींसाठी मिळतं ते मरीन ग्रीस. बंदराजवळच्या दुकानांत ते सहज मिळतं. डब्यावर 'कॅल्शियम सल्फोनेट' लिहिलेलं असेल तर उत्तम, खाऱ्या हवेत ते गंज चांगला रोखतं. दोन जातींची ग्रीस मिसळली तर काही वेळा पातळ होऊन वाहून जातात, म्हणून एकच जात धरून ठेवा. खोबरेल तेल कितीही हाताशी असलं तरी ते इथे नको. गंज सोडवणारा स्प्रेही नको, तो आतलं ग्रीस धुऊन काढतो.

आपल्याकडचं पाणी आणि चिरा

विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यातून माती येते, त्यामुळे पंपाच्या तोंडाशी फिल्टर हवाच. एक नोझल जरी अर्धा तुंबला तरी बारचा तोल जातो, झाकण थडथडतं आणि बेअरिंग एका बाजूने झिजतं. नोझल बारीक तारेने साफ करा. बदलायचे झाले तर जोडीनेच बदला. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल किंवा शेवाळावर ब्लीचिंगचं द्रावण वापरलं असेल, तर शेवटी दोन-तीन मिनिटं गोड्या पाण्यावर क्लीनर चालवा आणि मगच ग्रीस मारा.

जुन्या घरांच्या चिऱ्याच्या अंगणावर पूर्ण दाब लावू नका, एवढी कळकळीची विनंती आहे. मऊ जांभा पाण्याच्या धारेने पोखरतो, आणि आजोबांनी बसवलेला तो चिरा पुन्हा तसा मिळत नाही.

जपून

दाब चालू असताना गळणारा सांधा बोटाने चाचपू नका. ही धार कातडीतून आत शिरते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसली आणि दुखत नसलं तरी त्याच वेळी हॉस्पिटल गाठा, आणि जास्त दाबाचं पाणी आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

बार हाताने फिरवताना खरखर लागत असेल किंवा वर-खाली हलत असेल, तर ग्रीसने ते बरं होणार नाही. स्विव्हल हातोडीने उघडू नका, बारसकट आमच्याकडे आणा. त्याच्या अंगावर कोरलेला नंबर पुसट झाला असेल तर नोझल आणि पुस्तिकाही सोबत ठेवा, म्हणजे बरोबर मापाचं सील मागवता येईल. आणि जमलं तर गणपतीच्या आठवड्यात न येता आषाढातच या.