चौऱ्यांशी लाखांतला एक, चारांतला एक

गुणसूत्रांच्या 23 जोड्या. बीजांड किंवा शुक्राणू तयार होताना प्रत्येक जोडीतलं एकच गुणसूत्र पुढे जातं, आणि कोणतं ते नाणेफेकीवर ठरतं. 23 वेळा नाणं उडवलं की शक्यता होतात 83,88,608, म्हणजे जवळपास चौऱ्यांशी लाख. (योनींशी हिशेब जुळला तो योगायोग.) इथे कुणाचीच मर्जी चालत नाही.

थॅलेसेमियात, म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या आनुवंशिक आजारात, यातलं एकच नाणं बघायचं असतं : 11व्या गुणसूत्रावरचं बीटा ग्लोबिनचं (हिमोग्लोबिनच्या एका भागाचं) जनुक. नवरा-बायको दोघंही वाहक, म्हणजे ‘मायनर’, असतील तर मूल ‘मेजर’, म्हणजे नेहमी रक्त चढवावं लागणारं, होण्याची शक्यता 25 टक्के. ‘पहिलं आजारी निघालं, आता पुढची तीन चांगली’ हा हिशेब साफ चुकीचा. प्रत्येक गरोदरपणात 25 टक्केच.

फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले, त्याचंच पुढे उल्हासनगर झालं. सिंधी, लोहाणा, पंजाबी समाजांत वाहक जास्त आढळतात. पण ‘आमच्यात नसतं’ म्हणून नौपाड्यातल्या किंवा ऐरोलीतल्या इतरांनी निर्धास्त राहू नये.

सुरुवात साध्या सीबीसीने, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीने, होते. एमसीव्ही (लाल पेशीचं सरासरी आकारमान) 80 च्या खाली, एमसीएच (एका पेशीतलं सरासरी हिमोग्लोबिन) 27 च्या खाली आणि तरीही लाल पेशी भरपूर, तर संशय घ्यावा. एमसीव्हीला दशलक्षांतल्या आरबीसीने (लाल पेशींच्या संख्येने) भागा : 65 भागिले 5.8 म्हणजे 11.2. उत्तर 13 पेक्षा कमी आलं तर बहुधा मायनर, जास्त आलं तर बहुधा लोहाची कमतरता. हा नुसता अंदाज. पक्कं निदान एचपीएलसीने, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे मोजणाऱ्या तपासणीने, होतं. वाहकात एचबी ए2 हा हिमोग्लोबिनचा प्रकार साधारण 4 ते 6 टक्के येतो. मात्र लोह फार कमी असेल तर ए2 खाली उतरतो आणि वाहक निसटतो. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर दात्याच्या पेशी मिसळून रिपोर्ट फसवा निघतो.

ही तपासणी लग्नाआधी झाली तर निवडीला भरपूर वाव राहतो. गरोदरपणात तो आठवड्यांत मोजावा लागतो. आधी दोघांच्या जनुकातला नेमका बिघाड शोधतात (सिंधी कुटुंबांत बरेचदा डीएनएच्या 619 अक्षरांचा तुकडाच गळालेला असतो), मग 10 ते 12 आठवड्यांदरम्यान वारेचा नमुना घेतात. तेव्हा जमलं नाही तर 15व्या आठवड्यानंतर गर्भजल. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्यात अशा आजारांसाठी या तपासण्यांना परवानगी आहे. लिंग सांगायला नाही.

घोळ होतो तो वेळेचा. आधी बायकोचा रिपोर्ट, मग नवऱ्याला निरोप, मग त्याची सुट्टी. गरोदरपणाचं नाव नोंदवायला दवाखान्यात जाल त्याच दिवशी दोघांनीही रक्त द्यावं.