‘हायपोअ‍ॅलर्जेनिक’ हा शब्द ट्यूबवर आला कुठून?

ज्यांची त्वचा पटकन लाल होते, खाजते, त्यांना दुकानात आधी धीर देतो तो ट्यूबच्या दर्शनी बाजूवरचा ‘हायपोअ‍ॅलर्जेनिक’ हा शब्द. अ‍ॅलर्जीची शक्यता कमी, असा त्याचा अर्थ आपण धरून चालतो. तो छापण्याआधी कंपनीला कुठली तरी चाचणी पार करावी लागत असेल, असंही गृहीत धरतो. अमेरिकेत तसा नियम खरोखर झाला होता, पण कोर्टात तो टिकला नाही.

१९७५ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने ठरवलं की हा शब्द वापरायचा तर माणसांवर चाचण्या करा आणि बाजारातल्या इतर मालापेक्षा तुमच्या मालाने त्रास बराच कमी होतो हे दाखवा. आल्मे आणि क्लिनीक या दोन कंपन्या कोर्टात गेल्या. खालच्या कोर्टाने प्रशासनाची बाजू उचलून धरली, पण डिसेंबर १९७७ मध्ये अपील कोर्टाने नियम रद्द केला. ग्राहक या शब्दाचा तोच अर्थ घेतात हे प्रशासनाने सिद्ध केलेलं नाही, असं कोर्टाचं म्हणणं. तेव्हापासून आजपर्यंत तिथे या शब्दाला सरकारी व्याख्या नाही. कंपनी ठरवेल तो अर्थ.

त्याच १९७७ मध्ये अमेरिकेत प्रसाधनांच्या वेष्टनावर घटकांची यादी छापणं सक्तीचं झालं. म्हणजे पुढची बाजू मोकळी सुटली आणि मागची कायद्यात आली. म्हणून मी नेहमी सांगते, ट्यूब हातात घेतली की आधी उलटी करा.

मागच्या बाजूलाही एक मोठी फट राहिली. सुगंधात डझनावारी रसायनं असली तरी ‘फ्रॅग्रन्स’ किंवा ‘परफ्यूम’ एवढा एकच शब्द चालतो. युरोपने २००३ मध्ये लिनालूल, लिमोनीन, जिरॅनिऑल अशी २६ सुगंधी द्रव्यं, ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असतील तर नावानिशी लिहायला लावली. २०२३ मध्ये ही यादी ८० च्या पुढे गेली. ‘अनसेंटेड’ मालातही मूळ वास दाबायला सुगंधी द्रव्य घातलेलं असू शकतं, हे फार कमी जणांना ठाऊक असतं.

‘पॅराबेन-फ्री’ची गोष्ट तर मला फार लागते. पॅराबेन म्हणजे माल टिकवायला घालतात ती रसायनं. २००४ मध्ये स्तनांच्या गाठींत ती सापडल्याचा एक शोधनिबंध आला. त्यात पॅराबेनमुळे कर्करोग होतो असं सिद्ध झालं नव्हतं, पण धास्ती पसरली. माल टिकवायला दुसरं काही हवंच होतं, तेव्हा बऱ्याच कंपन्या मिथाइलआयसोथायझोलिनोनकडे वळल्या. युरोपने २००५ मध्ये ते स्वतंत्रपणे वापरायला परवानगी दिली होती. क्रीममधून, ओल्या वाइप्समधून ते घराघरांत पोचलं आणि हातावर, चेहऱ्यावर, बाळं पुसणाऱ्या आयांच्या बोटांवर इसब दिसू लागलं. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या स्पर्शजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संस्थेने त्याला ‘वर्षाचा अ‍ॅलर्जीकारक’ ठरवलं. २०१७ पासून युरोपात, लावून तसंच ठेवायच्या मालात त्याला बंदी आहे. आणि पॅराबेन? त्याच संस्थेने २०१९ मध्ये त्याला ‘अ‍ॅलर्जी न करणारा’ म्हणून निवडलं. ज्यांनी त्वचा सांभाळायची म्हणून जास्त पैसे मोजून ‘फ्री’ माल घेतला, त्यांतल्या कितीतरी जणांना त्याच मालाने त्रास दिला.

आपल्याकडे २०२० च्या प्रसाधन नियमांनुसार १ टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहायचे; त्याखालचे कुठल्याही क्रमाने चालतात. यात एक खूण उपयोगी पडते. फिनॉक्सिइथॅनॉल हे माल टिकवणारं रसायन सहसा १ टक्क्यापेक्षा जास्त घालत नाहीत. पुढे मोठं चित्र छापलेली कोरफड किंवा केशर यादीत त्याच्याही नंतर असेल, तर ते नावापुरतंच.

टिकलीच्या पाकिटावर मात्र अशी यादी सहसा नसतेच. तिच्या गोंदातल्या पॅरा-टर्शरी-ब्यूटाइलफिनॉलमुळे कपाळावर टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग पडतो, हे आपले त्वचारोगतज्ज्ञ वर्षानुवर्षं पाहत आले आहेत. आधी नुसती खाज येते, तीही प्रत्येकीला नाही. रंग जरा जरी फिका वाटला तर त्या दिवसापासून टिकली बंद करा आणि डॉक्टरांकडे जाताना ते पाकीट सोबत न्या. पॅच टेस्टमध्ये पाठीवर संशयित द्रव्यं ४८ तास चिकटवून ठेवतात आणि पुढचे काही दिवस त्वचा तपासतात. आपल्याला नेमकं काय सोसत नाही हे त्यातून कळू शकतं.