डबल मार्करच्या रिपोर्टमधला तो आकडा नेमका येतो कुठून?

गरोदरपणात बाळाला डाऊन सिंड्रोम असण्याची शक्यता किती, ते बघायला डबल मार्कर ही रक्ततपासणी करतात. तिच्या रिपोर्टवर १:१८० असं काहीतरी असतं, बाजूला हाय रिस्क लिहिलेलं, आणि घरात सगळ्यांचं धाबं दणाणतं. तर आधी हे नीट समजून घ्या की असा आकडा आलेल्या १८० जणींपैकी साधारण एकीच्याच बाळाला डाऊन सिंड्रोम असतो, बाकी १७९ जणींच्या बाळांना नसतो. बऱ्याच लॅब १:२५० च्या आसपास रेघ मारतात, म्हणून हे हाय रिस्कमध्ये गेलं, बस.

११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान आईच्या रक्तात पॅप-ए आणि फ्री बीटा एचसीजी हे दोन पदार्थ (मार्कर) मोजतात, दोन्ही वारेत तयार होतात. बाळात २१ नंबरचा क्रोमोसोम तीनदा असेल, म्हणजेच डाऊन सिंड्रोम असेल, तर सरासरी पॅप-ए निम्म्यावर येतं आणि एचसीजी दुप्पट होतं. मग आईचं वय आणि एनटी, म्हणजे सोनोग्राफीत दिसणारी बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी, हे सगळं धरून सॉफ्टवेअर रिस्क काढतं. यातून १०० पैकी ८५-९० केसेस सापडतात, पण बाळ नॉर्मल असलेल्या १०० जणींपैकी ५ जणींनाही उगाच हाय रिस्क येतं.

खरी गोम दिवसांत आहे. या काळात पॅप-ए भराभर वाढत असतं आणि एचसीजी उतरत असतं, त्यामुळे गर्भ ११ आठवड्यांचा असताना फॉर्मवर साडेबारा लिहिले तर पॅप-ए कमी दिसणार, एचसीजी जास्त दिसणार, म्हणजे अगदी डाऊनसारखंच चित्र! म्हणून पाळीच्या तारखेवर विसंबू नका, सोनोग्राफीत मोजलेल्या बाळाच्या लांबीवरून दिवस धरलेत ना ते बघा. वजनही बरोबर हवं, आईचं वजन जास्त तर रक्त जास्त आणि मार्कर पातळ. आयव्हीएफ, सिगारेट, डायबेटिस हेही फॉर्मवर हवंच.

आणि या सगळ्याची सुरुवात एका आईच्या प्रश्नातून झालीय. न्यूयॉर्कमध्ये एकीचं एएफपी, म्हणजे बाळाकडून आईच्या रक्तात येणारं एक प्रोटीन, फारच कमी आलं होतं, ही टेस्ट तेव्हा बाळाच्या मणक्याचे दोष शोधायला करायचे, नंतर बाळाला १८ व्या क्रोमोसोमची ट्रायसोमी (दोनऐवजी तीन प्रती) निघाली, तर तिनेच विचारलं की याचा त्याच्याशी काही संबंध आहे का. डॉ. मर्काट्झ आणि सहकाऱ्यांनी जुने रिपोर्ट काढून तपासले, डाऊनमध्येही एएफपी कमी सापडलं, १९८४ मध्ये पेपर आला. आजच्या क्वाड्रुपल टेस्टमध्ये, म्हणजे नंतरच्या महिन्यांत होणाऱ्या चार मार्करच्या रक्ततपासणीत, ते एएफपी अजून आहे.

हाय रिस्क आलं तर आता एनआयपीटी करता येते, आईच्या रक्तात फिरणारे वारेतले डीएनएचे तुकडे त्यात मोजतात, ९९ टक्क्यांच्या आसपास केसेस पकडते. पण तो डीएनए वारेतला, थेट बाळाचा नव्हे, त्यामुळे तीही पॉझिटिव्ह आली तरी पक्कं निदान १५ आठवड्यांनंतर ॲम्निओसेंटेसिसनेच (बाळाभोवतीचं पाणी सुईने काढून तपासणं) करायचं, किंवा त्याआधी सीव्हीएसने (वारेचा छोटा नमुना काढून तपासणं).